पाळकाचा दाखला

वडील गेले त्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या पावसाळ्यात, आदिलाबादच्या घरातील त्यांची पत्र्याची पेटी आम्ही उघडली. तीत निघायच्या त्याच वस्तू निघाल्या. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाची पुठ्ठा निसटलेली प्रत, जिनिंग फॅक्टरीतून निवृत्त होताना मालकाने दिलेले पत्र, आईच्या चष्म्याचे घर, मंडळीच्या वर्गणीच्या पावत्यांचा दोऱ्याने बांधलेला गठ्ठा. पावत्या आम्ही तशाच बाजूला ठेवल्या. गठ्ठ्याखाली मात्र एक अर्धा ताव होता. त्यावर वडिलांचे वळणदार, हिशेबनिसाचे अक्षर होते, आणि मधली एक ओळ खोडलेली होती.

तो एका दाखल्याचा कच्चा मसुदा होता. अमुक अमुक हा आमच्या मंडळीचा पूर्ण सभासद असून तो नियमितपणे प्रभुभोजनात भाग घेतो, असा त्याचा आशय. 'नियमितपणे' पासूनचा मजकूर एका सरळ रेघेने छाटून वर बारीक अक्षरात लिहिले होते की, गेल्या वर्षभरात त्याने प्रभुभोजन घेतलेले नाही. खाली तारीख होती जून १९७७ ची. अमुक अमुक म्हणजे आम्ही.

ख्रिस्ती वाचकांना सांगावे लागणार नाही, पण इतरांसाठी थोडे स्पष्टीकरण हवे. प्रॉटेस्टंट मंडळीत उपासना चालवणारा तो पाळक. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना 'वडील' म्हणतात, आणि ते एक पद असते. आमचे वडील मंडळीचेही वडील होते, यावर लहानपणी आम्ही भावंडे पुष्कळ हसत असू. पाळकसाहेब तेलुगू भाषक, त्यांचे मराठी बोलणे चांगले पण लिहिणे बेताचे. म्हणून मराठी कुटुंबांचे कागदपत्र वडील लिहीत आणि पाळकसाहेब सही करीत. दर जूनमध्ये आमचा दाखलाही असाच तयार होई. आम्ही पैनगंगेपलीकडे एका शहरात मिशनने चालवलेल्या महाविद्यालयात शिकत होतो. महाविद्यालयाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. छात्रगृहातील राहण्याजेवणाचा निम्मा खर्च मिशनच्या एका निधीतून मिळे, आणि त्यासाठी गावच्या पाळकाचा दाखला दरवर्षी नव्याने द्यावा लागे. सायकलच्या बिल्ल्यासारखे श्रद्धेचेही वार्षिक नूतनीकरण होते, असे आम्ही तेव्हा मित्रांत म्हणत असू. विनोद फारसा चांगला नव्हता, पण वस्तुस्थितीला धरून होता.

आमच्या घरी ही श्रद्धा कोठून आली, ते सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट अपुरी राहील. आमचे पणजोबा जालन्याकडचे, मांग समाजाचे. जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती आहे. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या काळात सरकारकडून जमीन मिळवून ती वसवली रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. पणजोबांचा बाप्तिस्मा तेथला. आजोबा कापसाच्या मागे मागे आदिलाबादला आले, जिनात हमाली केली, आणि मुलाला शाळेत घालून हिशेबाच्या गादीवर बसवले. मराठी बोलणारी माणसे या जिल्ह्यात पूर्वीपासून पुष्कळ. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली तेव्हा किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. घरात मराठी, बाजारात तेलुगू, कचेरीत जुन्या माणसांची उर्दू, आणि रविवारी देवळात पुन्हा मराठी. आमच्या ख्रिस्ती मराठीत चर्चला देऊळच म्हणतात. आजोबांच्या बोलण्यात नारायणरावांचे नाव एखाद्या कुळपुरुषासारखे येई.

हे नारायणराव कोण होते, हे आम्हाला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नीट कळले. निजामाच्या मुलखातील एका देशस्थ ब्राह्मण घराण्यातला मुलगा मुंबईस जॉन विल्सन यांच्या संस्थेत शिकतो. विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले, १८३२ मध्ये त्यांनी शाळा काढली, आणि तिचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. १८३९ मध्ये या शाळेतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पालकांनी मुले काढून घेतली व शाळा जवळजवळ ओस पडली. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्रींनी रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ज्या माणसामुळे आमचे घराणे ख्रिस्ती झाले, तो माणूस स्वतः विद्यार्थिदशेत, मिशनच्या शाळेत शिकत असताना, आपल्या वाडवडिलांच्या धर्मातून बाहेर पडलेला होता. हे वाचले तेव्हा आमचे वय एकोणीस होते. पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो होतो, एवढे आठवते.

नारायणाच्या पाठचा भाऊ श्रीपत. तो बारा वर्षांच्या आसपासचा, आणि तोही मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेलेला. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली. कोर्टाने मुलाचे वय पाहिले आणि त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. तेथून खरा गोंधळ सुरू झाला. मुलगा परधर्मीयांच्या पंक्तीला जेवला होता, तेव्हा त्याला जातीत परत घ्यावे की नाही? बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावे या बाजूचे. मराठीतले पहिले वृत्तपत्र काढणारा हा विद्वान त्या प्रकरणात सनातन्यांच्या रोषाला पात्र झाला. त्याच्या चरित्रकारांना हा प्रसंग त्याच्या धैर्याचा वाटतो, आणि तो तसा आहेही. परंतु आम्ही ते वाचीत होतो श्रीपतच्या बाजूने. त्या सगळ्या वादंगाचा विषय होता मुलाचे जेवण. मुलाची श्रद्धा हा विषयच नव्हता. कोर्टाने वय मोजले, शास्त्र्यांनी पंक्ती मोजल्या, मिशनऱ्यांनी एक आत्मा गमावल्याचे दुःख केले. शिक्षण घेण्यासाठी गेलेला एक मुलगा तीन ताजव्यांत तोलला गेला.

याच १८४३ सालात आणखी एक गोष्ट घडली, आणि तिच्याकडे मराठी लेखकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे आम्हाला वाटते. त्या वर्षीच्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये फूट पडली. धर्मगुरूच्या नेमणुकीत जमीनदाराचा व सरकारचा हात असावा की नाही, या प्रश्नावर शेकडो धर्मगुरू आपली घरे, पगार, देवळे सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. ही बातमी जहाजाने मुंबईस आली, तेव्हा विल्सन, नेस्बिट आणि त्यांचे सहकारीही फ्री चर्चच्या बाजूने उभे राहिले. त्याची किंमत म्हणून शाळेसाठी नव्याने उभारलेल्या इमारतीवर त्यांना पाणी सोडावे लागले, कारण इमारत जुन्या चर्चची होती. म्हणजे एकाच वर्षी, एकाच शाळेत, विद्यार्थी आपला धर्म सोडून बाहेर पडला आणि शिक्षक आपले चर्च सोडून बाहेर पडले. दोघांनी कारण एकच सांगितले: सदसद्विवेक. विद्यार्थ्याच्या वडिलांना ते कारण पटले नाही, आणि एडिंबरोच्या जुन्या चर्चलाही ते पटले नाही. आमच्या महाविद्यालयात ही फुटीची कथा मोठ्या अभिमानाने सांगितली जाई.

आता आमचे. श्रद्धा कशी गेली, असे विचारणाऱ्यांना काही घटना हवी असते. एखादा मृत्यू, एखादे भांडण, एखादे पुस्तक. पुस्तक होते, पण ते नास्तिकांचे नव्हते. ते होते बाबा पदमनजींचे आत्मचरित्र, १८८८ साली निघालेले 'अरुणोदय'. बाबा बेळगावचे, मिशनच्या शाळेत शिकलेले, तेथूनच मुंबईस फ्री चर्चच्या संस्थेत गेलेले, आणि १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले. घरात देवपूजा, व्रते, मनात संशय, परमहंस सभेच्या मंडळींशी संबंध, आणि शेवटी निर्णय, असा तो प्रवास आहे. हे पुस्तक आम्हाला रविवारच्या शाळेत बक्षीस म्हणून मिळाले होते. ते आमची श्रद्धा दृढ करण्यासाठी दिले होते, आणि त्याने नेमके उलटे केले. बाप मानतो म्हणून मुलाने मानावे हे कारण अपुरे आहे, हा त्या पुस्तकाचा कणा. तो कणा आम्ही सरळ उचलला आणि आमच्या घराला लावून पाहिला. बाबांनी जे प्रश्न कुलदैवताला विचारले, ते आम्ही आमच्या देवाला विचारले. मिशनऱ्यांनी मराठी मुलांना तपासणीची जी सवय लावली, ती सवय मिशनच्या दारात येऊन थांबेल अशी त्यांची अपेक्षा असावी. काहींच्या बाबतीत ती थांबलीही.

पण पुस्तकाने फक्त दार लोटले. खरी जाणीव झाली ती एका संध्याकाळी छात्रगृहाच्या प्रार्थनेत. पाळीपाळीने प्रत्येकाने प्रार्थना चालवायची असे. त्या दिवशी आमची पाळी. आम्ही उभे राहिलो, डोळे मिटले, आणि वाक्ये आपोआप येऊ लागली. मिशनऱ्यांनी घडवलेली ती विशिष्ट मराठी, तिचे 'कृपाळू', 'सामर्थ्यवान', 'आम्ही अपात्र असता' हे लहानपणापासून मुरलेले शब्द, एकामागून एक, न अडखळता. प्रार्थना संपल्यावर अधीक्षकांनी पाठ थोपटली. फार उत्कट झाली म्हणाले. आणि आम्हाला ठाऊक होते की, बोलताना आम्ही कोणाशीही बोलत नव्हतो. ते इतके सोपे होते याची भीती वाटली. त्यानंतरच्या रविवारी प्रभुभोजनाचे ताट पुढे आले, ते आम्ही हाती न घेता शेजारच्याकडे सरकू दिले. कोणाच्या लक्षात आले नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तसेच केले. वर्षभर कोणाच्याही लक्षात आले नाही.

म्हणून मे महिन्यात घरी गेलो तेव्हा दाखल्याचा प्रश्न खरे तर नव्हताच. गप्प बसलो असतो तर सर्व काही पूर्वीप्रमाणे झाले असते. आदिलाबादचा मे, रात्री अंगणात बाजा टाकलेल्या. वडील पडल्या पडल्या म्हणाले,

"उद्या पाळकसाहेबांकडे जातो. तुझ्या दाखल्याचं सांगायचं आहे."

"बाबा, या वर्षी नियमित म्हणून लिहू नका."

"का रे? आजारी होतास?"

"नाही."

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग विचारले, "किती दिवस झाले?"

"मागच्या नाताळाआधीपासून. त्याच्याही आधीपासून."

"तिथं कोणाला माहीत आहे?"

"नाही."

"मग लिहायला काय हरकत आहे?"

हे वाक्य आमच्या वडिलांच्या तोंडून येईल असे आम्हाला कधी वाटले नव्हते. फॅक्टरीच्या हिशेबात कापसाची एक गाठ कमी भरली, तर रात्री दोन वाजेपर्यंत कंदील लावून बसणारा हा माणूस. आम्ही म्हणालो,

"तुम्ही लिहिणार आहात, म्हणून."

ते उठले, माठातले पाणी प्यायले, आणि आत जाऊन झोपले. का, कशामुळे, असे एकही अक्षर त्यांनी त्या रात्री विचारले नाही, नंतरही विचारले नाही. बेचाळीस वर्षे विचारले नाही. आम्ही उत्तरे मात्र कितीतरी तयार ठेवली होती. बाबा पदमनजींपासून बर्ट्रंड रसेलपर्यंत.

कच्चा मसुदा पाहून आता कळते की, सकाळी त्यांनी आधी जुनाच मजकूर पूर्ण लिहून काढला होता. मग छाटला. पाळकसाहेबांनी पक्का कागद वाचला, वडिलांकडे पाहिले आणि सही केली. महाविद्यालयात निधीच्या समितीपुढे आम्हाला बोलावणे आले. समितीतील माणसे दुष्ट नव्हती. त्यांनी दोन संधी दिल्या. मंडळीपासून थोडे दूर गेलो होतो, आता परत येतो, असे एक वाक्य लिहून द्या, एवढेच त्यांचे मागणे. आम्ही ते दिले नाही आणि सवलत गेली. महाविद्यालयातून कोणी काढले नाही, परीक्षेला बसू दिले, पदवी मिळाली. गेले ते पैसे. ते भरून काढण्यासाठी घरची दुभती म्हैस विकली गेली. आमच्या श्रद्धेच्या प्रकरणात आईने केलेले एकमेव भाष्य त्या वेळचे आहे. ती म्हणाली, "म्हशीनं काय पाप केलं होतं?"

समितीवर आम्ही पुष्कळ वर्षे मनातल्या मनात खटला चालवला. पुढे कायद्याचे थोडे वाचन झाले तेव्हा तो खटला दुबळा आहे असे दिसले. आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाचे तिसरे कलम असे आहे की, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षण वा उपासना यांत भाग घेण्याची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. फार शहाणे कलम आहे. श्रीपतच्या काळी ते असते तर निदान भांडणाचे स्वरूप निराळे झाले असते. पण आम्हाला सक्ती कोणी केलीच नव्हती. निधी सरकारचा नव्हता. दूरच्या देशातील कोणा विधवांनी, शेतकऱ्यांनी श्रद्धावान मुलांसाठी पाठवलेला तो पैसा होता. श्रद्धा नसलेल्या मुलाने तो का घ्यावा, या प्रश्नाला आमच्याजवळ आजही चांगले उत्तर नाही. आमची तक्रार राहते ती इतकीच की, खोटे बोलणाऱ्याला तो मिळत राहतो. दाखल्याची रीत श्रद्धा मोजत नाही, फक्त अबोला मोजते.

अमेरिकेत युटा प्रांतातल्या प्रोव्हो गावी मॉर्मन चर्चचे मोठे विद्यापीठ आहे, ब्रिगम यंग यांच्या नावाचे, १८७५ पासूनचे. तेथे विद्यार्थ्याला आपल्या धर्मगुरूची शिफारस वेळोवेळी नवी करून घ्यावी लागते हे वाचले, तेव्हा आम्हाला आमचा अर्धा ताव आठवला. तेथली मौज अशी की, हिंदू, मुसलमान, कॅथलिक विद्यार्थी जास्त फी देऊन तेथे खुशाल शिकू शकतो. पण जो मॉर्मन म्हणून आला आणि शिकता शिकता त्या धर्मातून औपचारिकरीत्या बाहेर पडला, त्याची जागा जाते. परका चालतो, गेलेला चालत नाही. ज्याचे तीन वर्षांचे शिक्षण तेथे झाले आहे, ज्याचे मित्र, खोली, कधी कधी नवी नवरीही तेथलीच, त्याने चौथ्या वर्षी तोंड उघडायचे की पदवी हाती पडेपर्यंत मिटून ठेवायचे? आमच्या बाबतीत एक म्हैस गेली. हिशेब केला तर आम्ही स्वस्तात सुटलो.

या हिशेबात आम्हाला सर्वांत जवळची वाटते ती पंडिता रमाबाई. त्यांना साक्षीस बोलावणे थोडे विचित्र दिसेल, कारण त्यांनी ख्रिस्ती धर्म सोडला नाही, उलट तो त्या अखेरपर्यंत जगल्या. पण १८८३ ते १८८६ ही त्यांची इंग्लंडमधली वर्षे पाहा. वाँटेजच्या जोगिणींच्या आश्रयाला त्या गेल्या, सप्टेंबर १८८३ मध्ये तेथेच त्यांचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला, आणि मग चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली त्या शिकू आणि संस्कृत शिकवू लागल्या. राहणे, खाणे, शिकणे, सगळे दुसऱ्यांच्या आधाराने. सोबत लहान मूल, नवरा वारलेला, आणि मायदेशी बाप्तिस्म्यामुळे उठलेला गहजब. अशा स्थितीत ही बाई त्रैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न विचारते, ख्रिस्त मानीन पण अमुक एका चर्चची प्रत्येक आज्ञा मानणार नाही असे सांगते. पुरुष विद्यार्थ्यांना तिने शिकवू नये असे हिंदुस्थानातील बिशप कळवतात, तर त्यांना तो अधिकार कोणी दिला असे विचारते. सिस्टर जेराल्डिन यांना हा गर्व वाटला, कृतघ्नपणा वाटला. त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. योगायोगाने आमच्या दाखल्याचेच हे वर्ष, पण पुस्तक आमच्या हाती पडले ते पुष्कळ उशिरा. ती पत्रे वाचताना आम्हाला रमाबाईंच्या तर्कापेक्षा जेराल्डिनबाईंचे दुःख अधिक भिडले, हे कबूल केले पाहिजे. त्यांनी या मुलीवर खरोखर माया केली होती. ज्याने माया केली त्यालाच नाही म्हणावे लागते, आणि तेही त्याच्या ताटात जेवत असताना. समितीशी भांडणे सोपे होते. अंगणातल्या बाजेवरच्या माणसाशी भांडता येत नाही.

येथवर वाचून आमच्याविषयी कोणाचे बरे मत झाले असेल, तर त्यांनी पुढचेही वाचावे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या जातीच्या सवलती जातात. शीख आणि बौद्ध यांना पुढे १९५६ व १९९० मध्ये वाट करून दिली गेली. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. आंध्र प्रदेशात मात्र अशा ख्रिस्ती कुटुंबांसाठी मागासवर्गीयांच्या यादीत 'क' गट केला गेला, आणि तेलंगण झाल्यावरही तो आहे. आमच्या मुलीच्या प्रवेशासाठी हा दाखला हवा होता. कचेरीतील कारकुनाने अर्ज पाहिला. वडिलांचा धर्म या रकान्यात आम्ही रेघ ओढली होती.

"इथं काय लिहू, साहेब?"

आम्ही म्हणालो, काही लिहू नका, आमचा कोणताच नाही.

"मग पोरीला कोणत्या गटात घालू?" त्याच्या स्वरात उपरोध नव्हता. तो खरोखर अडला होता. बापाला धर्म नाही म्हणजे तो ख्रिस्ती नाही, ख्रिस्ती नाही म्हणजे 'क' गट नाही. पणजोबांची जात परत मागावी, तर त्यासाठी हिंदू धर्मात जायला हवे आणि त्या समाजाने स्वीकारायला हवे. आम्ही पाच मिनिटे बाहेरच्या कडुलिंबाखाली उभे राहिलो. आत जाऊन त्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'ख्रिस्ती' असे लिहिले आणि सही केली. १९७७ साली बापाला जे खोटे लिहू दिले नाही, ते बाप झाल्यावर आम्ही स्वतः लिहिले. वडील तेव्हा हयात होते. मुलीला दाखला मिळाला हे त्यांना सांगितले. कसा मिळाला, ते त्यांनी विचारले नाही.

२०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, नागरिकाला कोणताही धर्म नाही असे म्हणण्याचा अधिकार आहे आणि सरकारी अर्जात धर्म लिहिण्याची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही. वर्तमानपत्रात ते वाचून आनंद झाला. पण अधिकार रकाना मोकळा ठेवण्याचा आहे. मोकळ्या रकान्यावर जे अवलंबून असते त्याचे काय, हा कारकुनाचा प्रश्न निकालानंतरही शिल्लक राहतो.

वडिलांच्या दफनाचे सांगायचे राहिले. जुलैचा पाऊस, काळ्या मातीचा चिखल, आणि छत्र्या धरून उभी असलेली पन्नासेक माणसे. मंडळीत आता मराठी घरे थोडी उरली आहेत. उपासना तेलुगूत होते. नवे पाळक तरुण, वरंगळकडचे. वडिलांनी आपल्या दफनाच्या वेळी म्हणायचे गीत लिहून ठेवले होते, ते 'उपासना संगीता'तले, मराठी. पाळकांनी इकडे तिकडे पाहिले. ज्यांना ती चाल येत होती ती माणसे एकतर गेली होती किंवा घरून निघू शकत नव्हती. शेवटी ते आमच्याकडे आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अण्णा, तुम्हाला येतं का?"

आम्हाला येत होते. आम्ही सुरू केले. पहिल्या कडव्याला आवाज एकट्याचा होता, दुसऱ्याला मागून दोन म्हाताऱ्या मिळाल्या. त्या क्षणी मनात काही परत आले का, असे पत्नीने रात्री विचारले. ती श्रद्धावान आहे, आणि तिचा प्रश्न प्रामाणिक होता. आम्ही नाही म्हणालो. चाल मात्र एकदाही चुकली नव्हती.

आठवड्याने मंडळीचे चिटणीस घरी आले. दफनभूमीतील जागेची नोंद करायची होती. वडिलांच्या शेजारी आई, आणि आईच्या पलीकडे एक जागा मोकळी आहे. ती कुटुंबासाठी धरून ठेवायची का? मग जरा संकोचाने म्हणाले की, ती सभासदालाच देता येते, पण त्यात अडचण नाही, तुम्ही सभासद आहातच. आम्ही म्हणालो, काही तरी चूक होत आहे. त्यांनी पिशवीतून वही काढली. आमच्या नावापुढे दर वर्षीची वर्गणी भरलेली होती, १९७७ पासून २०१९ पर्यंत, एकही रकाना न सोडता. तेव्हा आम्ही आत जाऊन पेटीतला तो पावत्यांचा गठ्ठा सोडला. दर वर्षाच्या पावत्या जोडीने होत्या. एक वडिलांच्या नावाची, एक आमच्या.

चिटणिसांनी विचारले, नाव पुढे चालू ठेवायचे का. आम्ही मार्चअखेरपर्यंतची मुदत मागितली. २०२० च्या त्या मार्चअखेरीला सगळा देश टाळेबंदीत घरात बसला होता, देऊळही बंद होते, आणि वही कोणी उघडली नाही. नंतर चिटणीस बदलले. नव्यांनी अजून विचारलेले नाही, आणि आम्हीही आपणहून गेलेलो नाही.